सात चाळीसची सही

"शरयूताई, काल रात्री एक वाजून दहा मिनिटांनी तुम्ही काय करत होता?"

आमचे मालक बापूंनी हे भर प्रेसमध्ये, चहाचा कप हातात धरून विचारलं. शरयूताईंनी चष्मा नाकावर वर सारला. मी संगणकामागे जेवढं लहान होता येईल तेवढी लहान झाले.

"झोप येईना," शरयूताई म्हणाल्या. "म्हटलं, कूस बदलत पडण्यापेक्षा यादी टाकून मोकळं व्हावं."

"एक वाजता?"

"आता झोप काय घड्याळ बघून येते का बापू?"

बापूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं. "तब्येतीला जपा," म्हणाले आणि कप घेऊन आत गेले. दार लागल्यावर मी श्वास सोडला.

"ताई, किती सहज थाप मारलीत!"

"थाप नाही गं. तालीम," शरयूताई म्हणाल्या. "पण आधी हे सांग, तुझ्या त्या यंत्रानं माझ्या नावानं रात्री एकला काम का केलं?"

चूक माझीच होती. वेळ मी संध्याकाळची सात चाळीसच लिहिली होती, पण ते यंत्र जिथं कुठं असतं तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं, हे मी साफ विसरले होते. चोवीस वर्षांची होते, सगळं येतं असं वाटण्याचं वय होतं.

हे सगळं सांगलीतलं, खणभागातल्या आरवाडे मुद्रणालयातलं. नाव मुद्रणालय असलं तरी तोवर छपाईची यंत्रं कुपवाडला गेली होती आणि इथं संगणक आले होते. एकशे बारा गावांतल्या वाचनालयांची एकत्र यादी आम्ही इंटरनेटवर चालवायचो. कवठ्याच्या माणसाला हवं असलेलं पुस्तक तासगावच्या वाचनालयात आहे की विट्याच्या, हे घरबसल्या कळायचं. गावोगावची वाचनालयं संध्याकाळी उघडतात, ग्रंथपाल त्या दिवशी आलेली पुस्तकं आपापल्या तक्त्यात भरतात आणि सातला कुलूप लावतात. मग आमच्याकडे ते एकशे बारा तक्ते उतरवून घ्यायचे, एकत्र करायचे, त्यांची एक फाइल बनवायची आणि ती कमिट करायची. कमिट म्हणजे फाइल कायमची नोंदवणं. कोणी बदलली, कधी बदलली, का बदलली, सगळं तिथं राहतं. हे काम रोज सात ते आठ शरयूताई करायच्या.

शरयूताई निगडीकर आमच्या मुद्रितशोधक. छप्पन्न वर्षांच्या, गेली बत्तीस वर्षं याच प्रेसमध्ये. आमच्याकडे जुनी रीत होती. काहीही छापायचं तर दोघांनी तपासायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्यानं मुद्रितावर बोट ठेवून बघायचं. त्याला पुकारा म्हणायचे. सगळं बरोबर असलं की खाली लिहायचं, "छापण्यास हरकत नाही," आणि सही करायची. सही करणाऱ्यानं चुकीची जबाबदारी घ्यायची. बापूंनी हाच नियम संगणकालाही लावला होता. प्रत्येक कमिटच्या खाली ते वाक्य आणि माणसाचं नाव हवंच. कमिट झालं की इथल्या संगणकावर आणि बापूंच्या मोबाइलवर एकच टिंग वाजायचं. ते कुपवाडच्या युनिटवर असायचे, तिथून मान डोलवायचे आणि जेवायला जायचे.

मी नोकरीला लागल्यावर महिनाभरात बापूंना म्हटलं, "हे सगळं आपोआप होईल की. तक्ते गोळा करणं, फाइल बनवणं, कमिट करणं. रोज ठरल्या वेळी. माणसाची गरजच नाही."

"यंत्र सही करतंय काय?" बापूंनी विचारलं.

"नाव टाकता येतं त्यात."

"नाव टाकणं आणि सही करणं एकच काय गं? उद्या यादी चुकली तर मी कुणाला बोलवू? तुझ्या यंत्राला? खुर्ची देऊ त्याला बसायला?"

विषय संपला. बापूंनी एकदा नाही म्हटलं की विषयच संपायचा. आणि कदाचित कायमचा संपला असता, पण त्याच आठवड्यात शरयूताई माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तनुजा, ते आपोआपचं तू म्हणत होतीस, ते खरंच होतं का?"

"हो. का?"

त्या लाजल्या. छप्पन्न वर्षांच्या बाईला इतकं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मला नाटकात काम मिळालंय," त्या म्हणाल्या.

नाटकवाल्यांच्या सांगलीत जन्म काढून शरयूताईंनी एकदाही स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. लहानपणापासून हौस होती. आधी वडील नको म्हणाले, मग सासर, मग मुलं, आणि मग ही सात ते आठची यादी. कारण सगळ्या हौशी मंडळांच्या तालमी संध्याकाळी सहाला सुरू होतात. यंदा एका मंडळाच्या दिग्दर्शकानं त्यांना पुकारा करताना ऐकलं होतं. तो स्मरणिका छापायला प्रेसमध्ये आला होता. दाराआडून शब्दन् शब्द ऐकू येत होता, म्हणून तो बघायला आत आला आणि म्हणाला, बाई, हा आवाज इथं काय करतोय?

"पोस्टमास्तरणीची भूमिका आहे," शरयूताई म्हणाल्या. "मुख्य. सहा आठवड्यांनी स्पर्धा. मी सहाला निघाले नाही तर ती भूमिका दुसऱ्या बाईला देणार आहेत. बापूंना विचारलं तर नाहीच म्हणतील. यादी कोण करणार, हा पहिला प्रश्न."

"मी करते ना रोज संध्याकाळी."

"तुझी जतची बस साडेसहाची. मला माहीत नाही का?"

बापूंना कळलं तर दोघींची नोकरी जाणार, हे आम्हांला पक्कं ठाऊक होतं. मला दुसरी मिळाली असती. त्यांना मात्र त्या वयात सांगलीत कोण घेणार? तरी त्या उभ्याच राहिल्या, साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी म्हटलं, करू.

पहिले दोन दिवस यंत्रानं जाम दाद दिली नाही. त्याला फाइल वाचायची परवानगी होती, लिहायची नव्हती; ती मी शोधून दिली. मग ते रात्री एकला जागं झालं, ते वर सांगितलंच. सोमवारी सगळी वाचनालयं बंद, म्हणजे यादीत काहीच बदल नाही, तर कमिट करायला काही नाही म्हणून ते लाल चौकट दाखवून रुसून बसलं. बदल असेल तरच हात लाव, असं त्याला बजावलं तेव्हा कुठं ते शहाणं झालं.

राहिला प्रश्न नावाचा. कमिटला नाव लागतंच. मी पहिल्यापासून सरळ "शरयू निगडीकर" टाकलं होतं आणि खाली "यादी अद्ययावत. छापण्यास हरकत नाही."

शरयूताईंनी ते पहिल्यांदाच नीट वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "मी वाचलंच नाही, आणि खाली माझं नाव? हे नाही चालायचं मला."

"मग नाटक?"

त्यांनी पिशवीतली नाटकाची वही चाचपली. मग म्हणाल्या, "तू सकाळी किती वाजता येऊ शकतेस?"

असं ठरलं की रोज सकाळी नऊला, बापू यायच्या तासभर आधी, आदल्या संध्याकाळी यादीत आलेली सगळी नावं आम्ही दोघींनी पुकारायची. मग पुढचे सहा आठवडे आम्ही तेच केलं. त्या वाचायच्या, मी पडद्यावर बोट ठेवायची. "कुंडल, स्वल्पविराम, बालविभाग, कंसात चौदा प्रती, कंस पूर्ण." चूक सापडली की मी लगेच दुरुस्त करायची. सगळं संपलं की त्या पिशवीतून नाटकाची वही काढायच्या आणि उलटं चालायचं. वही माझ्या हातात, संवाद त्यांचे. पोस्टमास्तरीण गावाची पत्रं चोरून उघडते आणि ज्यांना कुणीच उत्तर पाठवत नाही त्यांना स्वतःच उत्तरं लिहिते, असं ते नाटक होतं. पहिल्या दिवशी शरयूताई संवादातही स्वल्पविराम म्हणाल्या. मी इतकी हसले की मला ठसका लागला. त्यांनीच पाणी दिलं आणि स्वतःही हसायला लागल्या.

महिन्याभरात त्या बदलल्या. चालताना पाठ ताठ झाली. दुपारच्या डब्यात मला त्यांनी कधी नव्हे तो सांडग्यांचा झुणका आणला. बापूसुद्धा एकदा म्हणाले, "शरयूताई, हल्ली झोप लागायला लागलेली दिसतीया."

स्पर्धेची पत्रिका छापायला आमच्याकडेच आली. कुठलं नाटक कधी, कोण कलाकार, सगळं त्यात होतं. शरयूताईंनी दिग्दर्शकाला सांगून आपलं माहेरचं नाव घातलं होतं, शरयू आठल्ये. "बत्तीस वर्षांत हे नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही," त्या मला म्हणाल्या. "बापूंना काय कळतंय!" पत्रिकेचं मुद्रित त्यांनीच पुकारलं. स्वतःच्या नावापाशी येताच आवाज जरा कापला, पण थांबल्या नाहीत. शेवटी ते बापूंच्या टेबलावर गेलं. बापूंनी एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग खाली लिहिलं, छापण्यास हरकत नाही, आणि सही केली.

स्पर्धेच्या दिवशी मी बस सोडून दिली आणि नाट्यगृहात गेले. सात वाजता पडदा उघडला. शरयूताई खाकी पिशवी काखेत मारून आत आल्या, आणि मला पहिली दहा मिनिटं कळेचना की ही बाई माझ्या ओळखीची आहे. त्या बोलत होत्या आणि शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा कान न ताणता, मागे टेकून ऐकत होता. मला अभिमानानं रडू यायला लागलं. रुमाल काढायला खाली वाकले आणि समोरच्या रांगेत, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, एक ओळखीचं टक्कल दिसलं.

बापू!

मी घड्याळ बघितलं. सात सदतीस.

तीन मिनिटांनी यंत्र यादी कमिट करणार होतं. शरयू निगडीकर या नावानं. आणि शरयू निगडीकर बापूंच्या समोर, दिव्यांच्या झोतात उभ्या होत्या. मी मोबाइल ओढणीखाली घेतला आणि यंत्राचं ते आपोआप काम थांबवायचं पान उघडायला गेले. गोल फिरत राहिलं. रेंज नव्हती. मी फोन डोक्यावर धरला, खुर्चीखाली धरला, शेजारच्या बाईंनी हाताला चिमटा काढला. सात एकोणचाळीस. स्टेजवर पोस्टमास्तरीण एकटी, समोर उघडलेलं पत्र, प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

माझ्या फोनला रेंज नव्हती. बापूंच्या होती.

टिंग!

ते टिंग सगळ्या नाट्यगृहानं ऐकलं. शरयूताईंनीही ऐकलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी संगणकाच्या ज्या आवाजावर त्यांची सुटका व्हायची, तो त्यांना कुठंही ओळखू आला असता. त्यांनी पत्रावरून मान वर केली, अंधारात तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि कुठल्याच वहीत नसलेलं वाक्य म्हटलं.

"संध्याकाळचं टपाल आलं वाटतं. येऊ दे! कुणाचं तरी असेलच."

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. बापूंनी मोबाइल वाचला. मग स्टेजकडे पाहिलं. पुन्हा मोबाइलकडे, पुन्हा स्टेजकडे. मग सावकाश मागे वळले आणि अंधारात मला बरोबर शोधून काढलं.

मध्यंतरात ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तनुजा, स्टेजवर कोण हाय?"

"शरयूताई."

"आणि प्रेसमध्ये यादी कुणी टाकली?"

मी मोबाइल ओढणीखाली सरकवला.

"उद्या सकाळी बघतो," बापू म्हणाले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. शेवटपर्यंत बसले. पडदा पडल्यावर मात्र मला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी पोचले तेव्हा शरयूताई आधीच आलेल्या होत्या. आदल्या दिवशी मिळालेला गजरा अजून केसात होता, कोमेजलेला. कालचं टिंग कुणाचं होतं हे त्यांना सांगायची गरजच नव्हती.

"काढतील?" मी विचारलं.

"काढतील. चूक माझी आहे, तसं सांगेन. तू मध्ये बोलायचं नाहीस." मग त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा लावला. "चल, कालची यादी राहिलीय."

"आता? आज?"

"खाली नाव कुणाचं आहे?"

आम्ही पुकारायला लागलो. आरग, बेडग, म्हैसाळ. त्यांचा आवाज काल स्टेजवर होता तसाच लागला होता. भिलवडीपाशी एक पुस्तक दोनदा आलेलं सापडलं, मी खोडलं. शेवटचा पूर्णविराम म्हणून त्यांनी मान वर केली तेव्हा बापू दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"हे रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," शरयूताई उठून उभ्या राहिल्या. "बापू, यंत्र माझ्या नावावर सही करत होतं. मी ते चालू दिलं. या पोरीचा दोष नाही."

"सहा आठवड्यांत चुका किती राहिल्या?"

"संध्याकाळी राहिल्या अकरा. सगळ्या सकाळी दहाच्या आत दुरुस्त."

"आणि तुम्ही स्वतः संध्याकाळी यादी करायचात तेव्हा?"

शरयूताईंनी चष्मा काढला. "तेव्हा वीस-बावीस राहायच्या. दिवसभर वाचून डोळे शिणलेले असायचे, तक्ते जोडताना माझ्याच चुका व्हायच्या."

बापू खुर्चीत बसले. चपला काढल्या. मग म्हणाले, "नाटकाचं मला ठाऊक होतं."

आम्ही दोघी एकदमच, "काय?"

"आठल्ये म्हणं!" बापू म्हणाले. "अहो, तुमची लग्नपत्रिका ह्याच प्रेसात छापली. तुम्ही वडिलांबरोबर आलात, आमचं मुद्रित हातात घेतलंत आणि उभ्या उभ्या तीन चुका काढल्यात. नवरीमुलगी! आमचा मुद्रितशोधक तोंड लपवून पळाला. तिथंच मी तुमच्या वडलांना म्हटलं, लग्न झाल्यावर पोरीला नोकरीला पाठवा. आठल्ये मी विसरीन व्हय?"

शरयूताईंनी हात तोंडावर नेला.

"पत्रिका बघितली आणि कळलं. म्हटलं, सांगतील आपणहून. न्हाई सांगितलं. मग मीच रोज कुपवाडला बसून सात चाळीसला फोन बघायचो आणि मनात म्हणायचो, झाली यादी, सुटली बाई, आता पोचू दे वेळेत तालमीला." ते माझ्याकडे वळले. "आणि तिकडं बाई सहालाच पळालेली! काल टिंग झालं तेव्हा मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

मला हसू आवरेना. शरयूताई मात्र रडत होत्या, आणि रडता रडता त्याही हसायला लागल्या.

"हसू नका," बापू म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. "खोटी सही ह्या प्रेसात चालत न्हाई. तनुजा, बस तिथं. ते यंत्र काय लिहितंय, उघड."

मी उघडलं.

"ताईंचं नाव काढ. आता मी सांगतो तसं लिही. यादी अद्ययावत, पूर्णविराम. शरयूताई तालमीला गेल्या आहेत, पूर्णविराम. उद्या सकाळी नऊला वाचतील, पूर्णविराम. छापण्यास हरकत नाही." ते थांबले. "खाली नाव माझं टाक. चुकलं तर मला बोलवायचं. मी खुर्ची घेऊन बसलोच हाय."

मी लिहिलं. शरयूताईंनी मागून ते मोठ्यानं वाचलं, पूर्णविरामासकट. नाटकातल्या पोस्टमास्तरणीसारखं नाही, आमच्या पुकाऱ्यासारखं. आणि शेवटच्या वाक्यापाशी त्यांना पुन्हा भरून आलं.

अभिनयाचं दुसरं बक्षीस त्यांना मिळालं. प्रशस्तिपत्रं आमच्याकडेच छापली. स्वतःच्या प्रशस्तिपत्राचं मुद्रित त्यांनी स्वतः तपासलं आणि त्यात एक चूक काढली.

पुढे मी पुण्याला आले, मोठ्या कंपनीत लागले. आता माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत आणि आम्ही दिवसाला शेकडो फाइली अशा आपोआप कमिट करतो. आरवाड्यांची यादी मात्र मी अजून सांभाळते. बापू ऐंशीच्या घरात आहेत, रोज तासभर प्रेसमध्ये येऊन बसतात. बाकी काम त्यांचा मुलगा सन्मती बघतो. मागच्या महिन्यात सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं, तेव्हा त्याचा फोन आला.

"ताई, त्या कमिटमध्ये एक जुनी ओळ आहे, शरयूताई तालमीला गेल्यात वगैरे. रोज जातीय ती. शरयूताई रिटायर होऊन किती वर्षं झाली! आणि सकाळी मीच वाचतो आता. काढून टाकू का?"

म्हटलं, थांब, ज्यांचं नाव आहे त्यांना विचारते. संध्याकाळी पावणेआठला शरयूताईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यांचं वय आठवून मला काळजी वाटायला लागली. तासाभरानं त्यांचाच आला, धापा टाकत, मागे दहा माणसांचा गलका.

"बोल गं! फोन पिशवीत होता. तालमीला आलेय. काय काढलंस?"

"काही नाही ताई," मी म्हटलं. "चालू द्या."